कोऱ्या तक्रारवहीचे दुखणे

साठीनंतर हातांवर निळे-जांभळे डाग पडणे ही नवलाची गोष्ट नव्हे. त्वचा पातळ होते, तिच्याखालची चरबी ओसरते, बारीक रक्तवाहिन्या ठिसूळ होतात. त्यातून ॲस्पिरिन चालू असेल, तर भाजीची पिशवी मनगटाला अडकवली तरी डाग उमटतो. धायरीतल्या माझ्या दवाखान्यात असे हात मी रोज पाहते. म्हणूनच गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात ७८ वर्षांच्या एका आजींचा रक्तदाब घेताना दंडावर डाग दिसले, तेव्हा ‘गोळीमुळे होतं तसं, काळजी करू नका’ एवढे सांगून मी मोकळी झाले.

रात्री जेवताना ते डाग पुन्हा डोळ्यांपुढे आले. वयामुळे पडणारे डाग बहुधा हाताच्या पाठीवर आणि मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागात असतात. आजींचे डाग दंडाच्या आतल्या अंगाला होते, एका ओळीत चार. आणि बाहेरच्या अंगाला एक. चार बोटे आणि अंगठा. जवळजवळ तीस वर्षे वैद्यकी करणाऱ्या बाईला हे तिथल्या तिथे दिसायला हवे होते. दिसले नाही, कारण बाहेर अकरा रुग्ण बसले होते आणि माझ्यापाशी तयार उत्तर होते.

पुढच्या खेपेस दार लावून घेऊन मी विचारले. आजी हसल्या. “अहो डॉक्टरबाई, पोर वाईट नाही ती. घाईत असते बिचारी. मोरीतून उठवताना जरा घट्ट धरते, इतकंच.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “पण तुम्ही कुठे बोलू नका हं. डबा बंद होईल.”

आजी एकट्या राहतात. मुलगा परदेशी आहे, फोन नियमाने करतो. परिसरातली एक लहानशी सेवाभावी संस्था त्यांना दुपारचा डबा पोचवते आणि आठवड्यातून तीन दिवस अंघोळीला एक सेविका पाठवते, दोन्ही विनामूल्य. हात दुखावणारी आणि पोट भरणारी संस्था एकच. अशा वेळी माणूस हात पुढे करत नाही, पदर पुढे ओढून घेतो. आजचे हे सारे लिहिणे आजींच्या त्या तीन शब्दांपायी आहे.

धायरीचा बाकीचा भाग २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत आला. गावठाणातली जुनी घरे, सिंहगड रस्त्याच्या बाजूचे उंच इमले आणि दोन्हींमध्ये एकटी राहणारी म्हातारी माणसे, हे चित्र आपण सारेच पाहतो. मुले कामावर जायला सकाळी सातला निघतात किंवा विमानाने वर्षातून एकदा येतात. ही पोकळी भरून काढतात त्या संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे आणि तरुण मंडळे. २०२०च्या टाळेबंदीत तर किराणा, औषधे आणि बँकेचे काम याच हातांनी झाले. माझ्या कितीतरी रुग्णांनी तेव्हा अनोळखी मुलांच्या हाती एटीएम कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक दिला. बहुतेक मुलांनी पैसे मोजून आणून दिले, पावतीसकट. पण देणाऱ्याने कशाच्या भरवशावर दिले, आणि पैसे कमी निघाले असते तर त्याने कुणाकडे जायचे होते, याचे उत्तर तेव्हा कुणापाशीही नव्हते. अजूनही बहुतेकांपाशी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की घरात आणि समाजात राहणाऱ्या साठीपुढच्या दर सहा व्यक्तींमागे एकीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा गैरवर्ताव सोसावा लागतो. वृद्धाश्रम, शुश्रूषागृह अशा ठिकाणचे चित्र याहून गंभीर आहे: आपल्या हातून गेल्या वर्षभरात असे काही घडले, हे तिथल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी स्वतःच पाहण्यांत कबूल केले आहे. ‘गैरवर्ताव’ म्हणजे केवळ मारहाण नव्हे. ओरडणे, ताटकळत ठेवणे, ओले कपडे न बदलणे, त्रास नको म्हणून झोपेची गोळी जास्त देणे, पेन्शनच्या पैशांतून ‘उसने’ घेणे, हे सगळे त्यात येते.

मी त्या संस्थेत गेले. आजींचे नाव काढायचे नाही असा त्यांना शब्द दिला होता. ‘तुमच्याबद्दल नाही, तिथल्या पद्धतीबद्दल बोलू का?’ एवढीच परवानगी मागून घेतली होती. हा शब्द पाळणे बरोबर होते का, असे मला काहींनी नंतर विचारले. आजींची बुद्धी शाबूत आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, आणि आपल्या आयुष्याचे निर्णय त्यांनी घ्यायचे आहेत. लहान मुलांच्या बाबतीत हे चालत नाही. मुलाच्या लैंगिक छळाची माहिती मिळाली तर ती पोलिसांपर्यंत पोचवणे २०१२च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकाला बंधनकारक आहे, मूल नको म्हणाले तरी. प्रौढ माणसाच्या बाबतीत त्याला डावलून त्याचे रक्षण करायला जाणे हाही एक प्रकारचा अपमानच असतो. मात्र धोका वाढला असता, किंवा आजींना स्मृतिभ्रंश असता, तर मी शब्द मोडला असता. आणि तसे त्यांना आधीच सांगितले होते.

संस्थेच्या ताई निवृत्त शिक्षिका आहेत. स्वतःच्या पेन्शनमधून त्यांनी हे काम सुरू केले. ‘ज्येष्ठांच्या संरक्षणाचे काही धोरण आहे का?’ असे विचारताच त्यांनी कपाटातून फाइल काढली. चौदा पाने, इंग्रजीत, मुखपृष्ठावर संस्थेचे बोधचिन्ह. देणगी देणाऱ्या एका कंपनीने मागितले म्हणून कुणीतरी इंटरनेटवरून उतरवून दिले होते. त्यात ‘बालक’ हा शब्द होता तिथे ‘ज्येष्ठ’ घातला होता. दोन ठिकाणी घालायचा राहिला होता. अंघोळ घालायला जाणाऱ्या सेविकेने ती फाइल पाहिलेली नव्हती, आणि पाहिली असती तरी तिला इंग्रजी वाचता येत नव्हते. भिंतीवर खिळ्याला तक्रारवही टांगलेली. ताईंनी ती अभिमानाने माझ्यापुढे उघडली. तीन वर्षे, एकही नोंद नाही.

रुग्णालयात उमेदवारी करताना आमचे एक सर खाटेला लावलेला तापाचा तक्ता पाहत असत. आठ दिवस, दिवसातून चार वेळा, नेमका ९८.६. सर नर्सकडे वळून विचारीत, “थर्मामीटर कुठे आहे?” बहुतेक वेळा तो फुटलेला असे. ताईंची वही पाहून मला तेच आठवले. ४० घरांत रोज अन्न जाते, अंगाला हात लागतो, पैशांची देवघेव होते, आणि तीन वर्षांत आमटी खारट झाल्याचीसुद्धा तक्रार नाही? तब्येत उत्तम असल्याचे हे लक्षण नव्हे.

कागद व्यवस्थित आणि आत अंधार, याचे आपल्या देशातले सर्वांत भीषण उदाहरण बिहारमधल्या मुझफ्फरपूरचे आहे. मुलींसाठीचे ते निवारागृह एक संस्था सरकारी पैशांवर चालवत होती. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाने बिहारमधल्या अशा ११० संस्थांचे सामाजिक परीक्षण केले आणि २०१८ मध्ये अहवाल दिला. तो गट नुसती दप्तरे तपासून थांबला नाही. तिथे राहणाऱ्यांपाशी जाऊन बसला, बोलला. त्यातून जे बाहेर आले त्यावर खटला चालला आणि २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. त्याच २०१८ साली ऑक्सफॅम या जगभर नावाजलेल्या संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांनी हैतीतल्या भूकंपानंतर केलेले गैरवर्तन उघड झाले, आणि देणगीदार संस्था जगभर ‘धोरण दाखवा’ म्हणू लागल्या. आपल्या ताईंच्या कपाटातली फाइल अशाच लाटेबरोबर आली. लाटेबरोबर आली म्हणून ती फाइल वाईट ठरत नाही; पण ती वाळूतच पडून राहिली.

ताई दुखावल्या, हे सांगायलाच हवे. “आमच्याकडे सगळी घरचीच माणसं आहेत, डॉक्टर. पोरी सेवाभावाने येतात. त्यांच्यावर पहारा ठेवू?” हा प्रश्न मला नंतर तीन संस्थांत ऐकू आला. मी उत्तर दिले ते असे: शस्त्रक्रियेआधी हात धुणारा शल्यविशारद स्वतःला घाणेरडा समजत नाही.

मग दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, दवाखाना आटोपून, मी त्यांच्याकडे जाऊ लागले. या कामाला ‘मार्गदर्शन’ म्हणायला मला संकोच वाटतो. पूर्वी नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण जात असे. ती तिच्या वतीने संसार करीत नसे. चार दिवस सोबत राही, अडले तिथे सांगे, आणि परत येई. ही पाठराखणच होती. धोरण संस्थेने स्वतः लिहायचे, स्वतःच्या मराठीत.

पहिल्या बैठकीला फक्त विश्वस्त आले. दुसऱ्या वेळी मी स्वयंपाकीणबाई, डबे पोचवणारा मुलगा आणि तिन्ही सेविकांना बोलवायला लावले, आणि त्या दिवसाचा रोजगार बुडणार नाही एवढे पाहिले. चौदा पानांची फाइल बाजूला ठेवून एकच प्रश्न मांडला: ‘एका आजोबांनी तुला सांगितले, की काल आलेल्याने माझ्या पाकिटातून पाचशे रुपये घेतले. आता तू काय करशील?’ डबेवाला मुलगा म्हणाला, ‘त्यालाच जाऊन विचारीन.’ एक सेविका म्हणाली, ‘काही करणार नाही, मला काय करायचंय.’ ताई म्हणाल्या, ‘मी आजोबांची समजूत घालीन.’ तिन्ही उत्तरे प्रामाणिक होती आणि तिन्ही घातक. संशयिताला जाऊन विचारले की तो सावध होतो आणि आजोबा एकटे पडतात. गप्प राहिले की पुढच्या वेळी ते सांगतच नाहीत. समजूत घातली की त्यांनाच वेड्यात काढल्यासारखे होते. त्या दुपारी दोन तास भांडून जे ठरले ते अर्ध्या पानावर मावले: ऐकून घ्यायचे, उलटतपासणी करायची नाही, ‘कुणालाही सांगणार नाही’ असे वचन द्यायचे नाही, त्यांच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवायचे, आणि नेमलेल्या व्यक्तीला कळवायचे.

ही नेमलेली व्यक्ती कोण, यावर तीन शनिवार गेले. ताईंना स्वतःलाच व्हायचे होते. पण ज्यांच्या हातात डबा आहे त्यांच्याकडेच तक्रार करायची, तर आजींचे कोडे सुटतच नाही. शेवटी संस्थेशी पैशांचा संबंध नसलेल्या, परिसरातल्याच एका निवृत्त परिचारिकेचे नाव ठरले. त्यांचा फोन क्रमांक मोठ्या ठळक आकड्यांत छापून डब्याच्या झाकणावर चिकटवला. खाली एक ओळ: ‘तक्रार केली म्हणून डबा बंद होणार नाही.’ ही ओळ विश्वस्तांच्या सभेत ठराव करून घ्यायला लावली. झाकणावरची चिकटपट्टी दोन धुण्यांत निघाली, मग रंगाने लिहावी लागली. असे धडे कोणत्या फाइलमध्ये असतात?

आणि ती सेविका? सकाळी साडेसात ते साडेबारा सात घरे, प्रत्येक ठिकाणी एकटीने अंघोळ घालायची. त्यातले दोघे सत्तर किलोंच्या वरचे. माणसाला बसल्या जागेवरून कसे उठवायचे, हे तिला कुणी शिकवलेच नव्हते. दंड धरून ओढू नये. समोरच्याचे पाय जमिनीवर नीट टेकवून, त्याला पुढे झुकायला सांगून, कमरेच्या पट्ट्याला किंवा पाठीला आधार देऊन उठवावे. हे मी तिला एका शनिवारी ताईंवरच करून दाखवले. घरे सातांची चार झाली, जड रुग्णांकडे दोघी जाऊ लागल्या. प्रत्येक डागामागे अशी थकलेली मुलगी असते असे मात्र समजू नका. दुसऱ्या एका संस्थेत प्रकरण पैशांचे होते, सरळसरळ लबाडीचे, आणि ते पोलिसांपर्यंत न्यावे लागले. त्या विश्वस्तांना आधी ‘संस्थेचे नाव जाईल’ याचीच धास्ती होती.

धोरण सेवेकऱ्यांचेही रक्षण करते, हे पटल्यावर कामाला वेग आला. स्मृतिभ्रंशात ‘माझे पैसे चोरले’, ‘बांगडी नेली’ असा भ्रम होणे फार सामान्य आहे. आणि संशय नेमका रोज सेवा करणाऱ्यावर येतो. डबेवाल्या मुलावर असा आळ आला. पैसे घेताना-देताना दोघांच्या सह्यांची लहान वही ठेवायला लागून तेव्हा दोन महिने झाले होते. त्या वहीने त्याला वाचवले. पण आजोबांचे म्हणणे ‘भ्रम’ म्हणून झटकायचे नाही, आधी वही पाहायची, हेही तेव्हाच ठरले. कारण स्मृतिभ्रंश झालेल्यांचे पैसे खरोखरही चोरीला जातात. एकट्या पुरुषाच्या घरी जाणाऱ्या सेविकेला नको तो स्पर्श झाला तर तिने काय करायचे, हा विषयही निघाला, बराच वेळ खाली पाहून झाल्यावर. २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान संस्थांतील स्त्रियांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मानधन न घेणाऱ्या स्वयंसेविकाही त्यात मोडतात. हे तिघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हते.

आता तुमच्यासाठी, म्हणजे ज्यांच्या घरी अशी मदत येते किंवा ज्यांनी आईवडिलांसाठी ती लावली आहे त्यांच्यासाठी. येणाऱ्या व्यक्तीची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली आहे का, हे विचारताना लाजू नका. चांगल्या संस्थेला हा प्रश्न आवडतो. न आवडला तर तेही उत्तरच आहे. एटीएमचा गुप्त क्रमांक कुणालाही देऊ नये, डॉक्टरलाही. देणगीदारांना दाखवण्यासाठी फोटो काढू द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचे, आणि ‘नको’ म्हटल्यावर मदत थांबता कामा नये. मुलांनो, आईला फोनवर ‘बरी आहेस ना?’ असे विचारलेत तर ‘बरी आहे’ हेच ऐकाल. ‘आज अंघोळीला कोण आलं होतं? पाणी कसं होतं?’ असे विचारा. अकारण घटलेले वजन, दिवसाही न उतरणारी झोप, विशिष्ट व्यक्ती आली की होणारी चलबिचल, दंडावरचे, मांडीच्या आतले किंवा कानामागचे डाग, यांपैकी काही दिसले तर डॉक्टरकडे आणा आणि शक्य असेल तर आईला डॉक्टरपाशी थोडा वेळ एकटी सोडा. हो, तुम्हीही बाहेर थांबा.

ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे. सकाळी आठ ते रात्री आठ, फोनला पैसे पडत नाहीत. जिवाला धोका असेल तर ११२. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७चा कायदा पुष्कळांना ऐकून माहीत असतो. त्याखाली उपविभागीय पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जाने जाता येते. आणि सांभाळण्याची जबाबदारी असलेल्याने ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र त्याचा मुख्य रोख मुले आणि नातेवाईक यांच्यावर आहे. डबा देणाऱ्या, अंघोळ घालणाऱ्या लहान संस्थेने रोज कसे वागावे हे तो सांगत नाही. ते संस्थेला स्वतःच ठरवावे लागते, म्हणून हे शनिवार.

सातव्या महिन्यात ताईंचा फोन आला. आवाज चिडलेला. तक्रारवहीत पहिली नोंद पडली होती: ‘आमटीत मीठ फार. मला बीपी आहे.’ ताईंना ते लागले होते. मला मात्र त्या दिवशी दोन कप चहा जास्त झाला. त्यानंतरच्या चार महिन्यांत २३ नोंदी झाल्या. बऱ्याचशा उशिरा येणाऱ्या डब्याच्या, दोन ओरडून बोलण्याच्या, एक पैशांची. कंपनीच्या माणसाने तपासणीला आल्यावर विचारले म्हणे, ‘अचानक इतक्या तक्रारी कशा वाढल्या?’ ताईंनी त्यांना तापाच्या तक्त्याची गोष्ट सांगितली. माझे नाव न घेता, स्वतःची असल्यासारखी सांगितली, हे ऐकून मला फार बरे वाटले.

आजी मागच्या पंधरवड्यात आल्या होत्या. रक्तदाब १३६/८०, दंड स्वच्छ. बाही खाली करता करता म्हणाल्या, “त्या झाकणावरच्या बाईंना फोन केला मी परवा. पोळ्या फार जाड येतात हो, चावत नाहीत.”

“मग?”

“मग काय, दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला आला की डबा.” आणि थोडे थांबून, पिशवी उचलत, “पोळ्या अजून जाडच आहेत. उद्या पुन्हा करते.”